मान कशानं दुखते, ते पेशंट सांगत नाही

फिजिओथेरपीचा दवाखाना पेठेत असला की किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते आपल्या पायांनी जिना चढून येतात. मान धरून येतात, एवढंच! माझा एक नियम आहे: कारण सापडल्याशिवाय मशीन लावायचं नाही. त्यामुळे मी फार प्रश्न विचारते, आणि पुण्यात प्रश्न विचारला की उत्तर मिळतं, हाच खरा त्रास आहे.

*

पहिल्या भेटीला मी सगळ्यांना घरची उशी आणायला सांगते. एक रिटायर्ड हेडमास्तर आपली उशी पिशवीत घालून आले. हातात घेतली, तर वीट परवडली!

म्हटलं, "सर, ही आधी बदला."

"उशी बेचाळीस वर्षं हीच आहे. मान गेल्या महिन्यापासून दुखतेय. आता चूक कुणाची, ते आपणच सांगा."

*

मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींना मी बजावलं, "डोक्यावर पाटी घेणं बंद!"

"अगं बाई, पाटी डोक्यावर असली की काय बी दुखत न्हाई. लेकीचा फोन आला की दुखतं."

बरोबरच होतं. दोन्ही हात मेथी निवडण्यात आणि फोन खांद्याला दाबलेला, तासभर!

"मग लेकीला सांगा, थोडक्यात बोल म्हणून."

"ती कुठं बोलती? मीच बोलते की!"

*

विश्रांतवाडीचा एक आयटीवाला. वर्क फ्रॉम होम. म्हटलं, कसा बसतोस ते दाखव. पठ्ठ्या लॅपटॉप पोटावर घेऊन सरळ माझ्या कॉटवर आडवा झाला, हनुवटी छातीला टेकलेली.

"असा दिवसभर?"

"नाही मॅम, मीटिंगला नीट खुर्चीत बसतो."

"आणि दुखते कधी?"

"मीटिंगमध्येच!"

*

लोणी काळभोरच्या एका बागायतदारांच्या गळ्यात एवढी जाड सोन्याची साखळी, की बैल बांधला तरी तुटू नये. म्हटलं, "दादा, चार दिवस ही काढून बघू."

"काढली तर गावात इचारतील, इकली का? त्यापरीस दुखल्याली बरी हाय!"

*

पण मला खरं दमवलं ते पोस्टातून रिटायर झालेल्या दीक्षितकाकांनी. मानेची डावी बाजू आखडलेली. एक्स-रे नॉर्मल, उशी उत्तम, मोबाइल बटणांचा. दोन आठवडे कारण सापडेना.

मग एका संध्याकाळी मी सहज खिडकीतून बघितलं. काका स्कूटरवरून येत होते. डोक्यावर हेल्मेट. (पुण्यात हेल्मेट घालतो म्हणजे माणूस सज्जनच!) मागे काकू एका अंगाला बसून सारख्या बोलत होत्या, आणि ऐकू यावं म्हणून काका डावीकडे मान मागे वळवत होते.

सापडलं! मी जिन्यातच ओरडले, "काका, स्कूटरवर बोलणं बंद! बोलायचं ते घरी!"

दोघंही पायरीवरच थबकले.

काकू हळूच म्हणाल्या, "अहो डॉक्टर, घर दोन खोल्यांचं. मुलगा, सून, नातवंडं. आमचं दोघांचं म्हणून जे बोलणं, ते या स्कूटरवरच होतं बघा."

"दुखली तर दुखू दे," काका म्हणाले, "तुम्ही आपला शेक द्या."

खरं सांगते, मला भरून आलं. पण बरं तर करायला हवं ना माणसाला! मन घट्ट करून म्हटलं, "निदान महिनाभर तरी तुम्ही स्कूटर चालवायची नाही." काकांचा चेहरा पार उतरला. काकू मात्र कसल्यातरी विचारात होत्या.

महिन्यानं काका आले. मान छान मोकळी, कशीही फिरवा.

"स्कूटर चालवली नाहीत ना?"

"हातसुद्धा लावला नाही."

"मग आज कशाला आलात?"

"मी नाही, ही आलीय."

मागून काकू आत आल्या. एका हातात हेल्मेट, दुसरा मानेवर.

"काकू, कुठली बाजू?"

"डावी!"