माठातला वाळा

"ॲप्लास्टिक ॲनिमिया," अमरावतीचे डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, साध्या भाषेत सांगा. हाडाच्या आत रक्त तयार होते, ते काम बंद पडत चाललं, असं त्याइनं समजावलं. मले 'बंद' एवढंच ऐकू आलं.

माह्या नवऱ्याले, सनाच्या अब्बाले, आधी नुसता थकवा होता. मंग हिरड्यातून रक्त, मांडीवर निळे डाग. आमी म्हटलं, ऊन बाधलं.

डॉक्टरनं विचारलं, "पेट्रोल, रंग, केमिकलमध्ये काम करता का?"

"शिंपी हाय मी," हे म्हणाले. "कपड्यावर मशीनच्या तेलाचा थेंबही पडू देत नाई."

तवा मले विहीर आठवली. तिवस्याच्या रस्त्यावर आमचं दुकान, बाजूले पेट्रोल पंप, मागं आमची विहीर. मोझरीच्या आश्रमात पायी जाणाऱ्याइसाठी हे दर उन्हाळ्यात पाणपोई लावत. माठ भरला की पहिला गिलास स्वतः पेत, मंगच दुसऱ्याले देत. सासऱ्यापासूनचा रिवाज होता तो. पाण्याले रॉकेलसारखा वास यायले लागला, तं विहिरीवरच्या मोटारचं ऑइल गळत असंन म्हणून यायनं मोटारच बदलली. तरी वास जाईना, म्हणून माठात वाळा टाकला. पाणी असं घमघमलं का येणारे-जाणारे दुवा देऊन राह्यले!

हे मी डॉक्टरले सांगतलं, अन् त्याइनं म्हटलं म्हणून सरकारी हापिसात तक्रार केली. तपासणारे आले. काचेच्या बाटल्या काठोकाठ भरल्या, वर हवा राह्यली तं बेन्झिन उडून जाते, म्हणे. बेन्झिन म्हणजे पेट्रोलमधलं, रक्ताच्या मुळावर उठणारं जहर. ते विहिरीत निघालं. पंपाची जमिनीखालची टाकी कवाची गळून राह्यली होती. "आमाले काय मालूम?" पंपवाला म्हणे. असा राग आला बाप्पा!

"आजार यामुळंच झाला असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत," डॉक्टर म्हणाले. "पण हे पाणी कुणीच प्यायचं नाही."

ते ऐकून हे लहान लेकरासारखे रडले. सोताच्या आजारासाठी नाई. "डॉक्टरसाहेब, म्या लोकाइले जहर पाजलं का?"

डॉक्टरनं त्याइचा हात धरला. "वाटसरू एखादा ग्लास प्यायले. रोज तुम्ही प्यायलात."

ओळख ना पाळख, अशा लोकाइचं रक्त त्याइले चढत राह्यलं. त्याइचे उपकार मी इसरणार नाई. पण आंगात ताकद उरली नव्हती, इन्फेक्शन झालं. एक दिवस वॉर्डात मले म्हणाले, "पाणपोई लावली काय?"

"नाई."

"काहून? उन्हात लोकं येऊन राह्यले असतीन. टँकरचं पाणी घे. अन् वाळा टाकू नको, वास समजला पायजे."

त्यानंतर ते जास्त बोललेच नाई. गेले.

पाण्याले वास आला तं झाकू नका, तपासून घ्या. दुसरं काही सांगाची माही ऐपत नाई.

आता टँकरच्या पाण्यानं माठ मी भरते. पहिला गिलास मी पेते. सना आडवी येते, "अम्मी, नको ना!" तिचा हात बाजूले करते अन् पेते. कोणी विचारते, "भाभी, यंदा वाळा नाई टाकला?"

"नाई भाऊ," मी म्हणते, "मी पेऊन पाह्यलं. प्या तुमी."