थांबवलेली छपाई

सहा आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, इथे अमेरिकेत, फ्रिस्को गावातल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते आणि पॉलचा फोन आला. "ताई..." एवढंच बोलून तो थांबला. मला ताई म्हणणारी जगात दोनच माणसं, माझा धाकटा भाऊ प्रशांत आणि त्याच्या घरी राहणारा हा पॉल. प्रशांत झोपेतच गेला होता.

प्रशांत नागपूरहून इंजिनीअरिंग शिकायला अमेरिकेत आला आणि दोन वर्षांत ते सोडून चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांच्या मागे लागला. "नाटकं पुरे कर," एवढाच आमच्या बाबांचा नाटकांशी संबंध, त्यामुळे घरी काय झालं ते सांगायला नको. पुढे तो प्राध्यापक झाला. एकदा त्यानं मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेलं, हात धुवायला लावले आणि एकाच नाटकाच्या दोन जुन्या प्रती पुढ्यात ठेवल्या. एकीत एक पुरुष दुसऱ्याला 'जिवलगा' अशा अर्थानं हाक मारत होता, दुसरीत त्याच जागी नुसतं 'महाशय'. "ताई, तेव्हा बायकांचे रोल पुरुष नटच करायचे. स्टेजवर कोण कुणाच्या गळ्यात पडतंय, ते सगळ्या ऑडियन्सला दिसायचं. प्रिंट केलं की नट गायब, उरतं फक्त पात्राचं नाव, मग पुरुषानं पुरुषाला 'जिवलगा' म्हटलेलं उघड दिसतं. आणि बोललेलं विरून जातं, छापलेलं राहतं. म्हणून लोक घाबरायचे. छपाई चालू असताना प्रेस थांबवून शब्द बदलायचे."

"मग आधी छापलेले कागद?"

"कागद महाग गं. फेकायचे नाहीत, तेही बाइंडिंगमध्ये जायचे. त्या चिक्कूपणावर माझं पोट चालतं." तो हसला, मग म्हणाला, "पण एखाद्याला खोलीचं दार लावून ते एकट्यानं वाचता आलं, तेही छपाईमुळेच."

सात वर्षांपूर्वी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची मी संपादक होते. प्रशांतनं याच विषयावर लेख दिला. त्याच्या शेवटी पॉलबद्दल एक ओळ होती. तीसेक प्रती छापून झाल्या आणि माझा धीर सुटला. अंक नागपूरला आईच्या हातात पडणार, इथल्या काकू-मावश्या वाचणार... मी फोन करून छपाई थांबवली, त्या ओळीच्या जागी 'मित्र पॉल यांचे आभार' असं घातलं आणि आधीच्या प्रती गॅरेजमधल्या रिसायकलच्या डब्यात टाकल्या. भावानं जन्मभर ज्याचा अभ्यास केला, तेच मी त्याच्या लेखाला केलं, आणि तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

माझ्या गॅरेजमध्ये अंकांचे खोके भरायला तो मदतीला आला होता. त्यानं आपल्या लेखाचं शेवटचं पान उघडलं.

"ताई, हे तू चेंज केलंस?"

"आईचा विचार केला रे."

"बरं," म्हणाला आणि खोके उचलायला लागला. पुन्हा त्यानं मंडळाला लेख दिला नाही. दोन वर्षांनी आई गेली. आता कुणाची भीती नव्हती, तरी मी माफी मागितली नाही. मागू की, घाई काय, असं म्हणत राहिले. मला माझी लाज वाटते.

गेल्या रविवारी पॉलकडे गेले होते. त्यानं प्रशांतच्या टेबलाचा ड्रॉवर उघडून तो दिवाळी अंक काढला. मी लेखाचं शेवटचं पान पाहिलं. ओळ जिथल्या तिथे होती. माझ्या गॅरेजमधला डबा प्रशांतनं उपसला होता तर. "एव्हरी दिवाळी ही रेड इट टू मी," पॉल म्हणाला. मराठीचं एक अक्षर त्याला वाचता येत नाही, पण ती ओळ त्यानं मला तोंडपाठ म्हणून दाखवली. मी ती प्रत मागितली. "नो, ताई," तो हळूच म्हणाला आणि ड्रॉवर लावून घेतला. बरोबरच केलं त्यानं.

ती ओळ अशी होती: 'हा लेख पॉलसाठी. आम्ही अठरा वर्षं संसार करतो आहोत.'