ताईच्या बिअरला गवती चहाचा वास

फोन डार्विनचा होता, पण नंबर ताईचा नव्हता. ऑफिसातून परतताना मी मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली स्टेशनबाहेर लावलेल्या गाडीचं दार उघडत होते. पलीकडून एक जाडसर, थकलेला बाईचा आवाज आला, "इज दॅट चिंगी?" मी जागच्या जागी थांबले. ऑफिसात मी मंजिरी, नवऱ्याची मंजू, मुलांची मम. आई-बाबा गेल्यापासून मला चिंगी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. "मी रॉबिन, वैशालीची शेजारीण," असं म्हणून त्या बाईने सांगितलं. सकाळी ताई कामावर गेली नाही, फोनही उचलेना, म्हणून रॉबिनने स्वतःकडच्या किल्लीने दार उघडलं. ताई अंथरुणातच होती. झोपेतच हृदय थांबलं असावं, असं अँब्युलन्सवाले म्हणाले... ती बातमी माझ्या आत पोचायला वेळ लागला. आधी पोचलं ते दुसरंच. माझं हे नाव ताईने हिलाही सांगितलं होतं? आणि ताईच्या घराची किल्लीही हिच्याकडेच?

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. ताईविषयी लिहायला बसले की सगळ्यात आधी हेच आठवतं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सांगलीत आमच्या शाळेत मी कधी मंजिरी नव्हतेच, मी वैशालीची बहीण होते. तिची पुस्तकं, तिचे फ्रॉक, तिचा कंपास, सगळं माझ्याकडे वापरून यायचं. तिला कृष्णेत पोहता यायचं, मी काठावर कपडे राखत बसायचे. ती मायक्रोबायॉलॉजी शिकली, लॅबमध्ये लागली. मी लग्न करून संदीपबरोबर मेलबर्नला आले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी मी तिच्या पुढे होते. पण काही वर्षांत तीही आली, स्वतःच्या हिमतीवर, पार उत्तर टोकाला, डार्विनच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तिने लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, "कुणी विचारलं तेव्हा मला वेळ नव्हता." दर ख्रिसमसच्या सुट्टीत ती आमच्याकडे यायची. मावशी आली की मुलं माझ्याकडे ढुंकून बघत नसत. मला हेवा वाटायचा, पण तो सोसण्यासारखा होता, कारण ती माझ्या घरात असायची, माझ्या ओट्यापाशी पोळ्या लाटत उभी.

दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी तिचा फोन आला. "चिंगी, मी बिअर करतेय."

"काय करतेयस?"

"बिअर. घरी. ड्रममध्ये."

संदीपच्या पन्नाशीच्या पार्टीत वाइनचा एक ग्लास रात्रभर हातात धरून हिंडलेली बाई ती! मला वाटलं, चेष्टा करतेय. पण नाही. शेजारच्या रॉबिनने नवीन सामान घेतलं होतं आणि आपला जुना प्लॅस्टिकचा ड्रम हिला देऊन टाकला होता. ताई मला सगळी कृती सांगत बसली. डब्यात माल्टचा पाक मिळतो, काकवीसारखा दाट. तो गरम पाण्यात विरघळवायचा, वर गार पाणी घालून ड्रम भरायचा, यीस्ट भुरभुरायचं आणि झाकण लावून गप्प बसायचं. झाकणावर पाण्याची एक छोटी नळी असते. आतला वायू तिच्यातून बुडबुड करत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. "इडलीचं पीठ आंबवतो ना, तसंच गं," ती म्हणाली. "जन्मभर लॅबमध्ये जंतू मारायचेच बघत आले. आता थोडे पाळते."

पहिली बॅच पार फसली. डार्विनची ऑक्टोबरातली उकाड्याची हवा, ड्रम स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. दुसऱ्याच दिवशी फेस नळीतून उसळून जमिनीवर आला आणि जी बिअर झाली तिला नेलपॉलिशचा आणि पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास यायला लागला. दुसऱ्या वेळी तिने बाटल्या भरताना प्रत्येकीत साखरेचे दोन-दोन खडे टाकले. एक टाकायचा असतो. त्यावर उरलेलं यीस्ट बाटलीत थोडा वायू करतं आणि बिअरला फेस येतो. दोन टाकल्यावर काय होतं ते तिला लाँड्रीतून, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीतून, धडाधड आवाज आले तेव्हा कळलं. "रॉबिन म्हणाली होती एकच, पण मला वाटलं थोडा जास्त फेस आला तर बरं..." ताई हसत हसत सांगत होती. मीही हसत होते, आणि मला मनापासून बरं वाटत होतं. वैशाली देशपांडे नापास झाली होती! माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. पण दुसरीही एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. रॉबिन म्हणाली, रॉबिनने दाखवलं, रॉबिन इतकी हसली की खाली बसली... तिच्या प्रत्येक वाक्यात ती बाई होती.

मग तिने एक जुना फ्रिज मिळवला, त्याला तापमान अठरावर ठेवणारं यंत्र जोडलं आणि ड्रम त्यात बसवला. तिसरी बॅच बरी झाली, चौथी चांगली. त्या डिसेंबरात तिने फोन करून सांगितलं की ती येत नाहीये.

"बॅच लावलीये गं. या दिवसांत वादळाने वीज गेली तर फ्रिजकडे बघायला कुणीतरी हवं. रॉबिनही नाहीये, मुलीकडे जातेय."

"तू बिअरसाठी येत नाहीयेस?"

ती म्हणाली, "पुढच्या वर्षी नक्की." मी फोन ठेवला. मुलं विचारत होती, "व्हेन इज मावशी कमिंग?" आणि मला एका प्लॅस्टिकच्या ड्रमचा मत्सर वाटत होता. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो हसला असता. म्हणून नाही सांगितलं.

जुलैच्या सुट्टीत मीच गेले, एकटी. मेलबर्नला कुडकुडायची थंडी आणि डार्विनला कोरडं, निळं आकाश. ताईच्या व्हरांड्यात शनिवारी दुपारी बरीच मंडळी जमली होती; हॉस्पिटलातली, शेजारपाजारची. सगळे तिला "व्ही" म्हणत होते. ताई हाफ पँट घालून, पाय टेबलावर टाकून बसली होती आणि मान मागे टाकून हसत होती. माझ्या घरी ती कधी अशी हसली नव्हती. माझ्या घरी ती मावशी असायची. रॉबिन म्हणजे उन्हाने रापलेली, साठीची, उंच बाई. तिने मला कडकडून मिठी मारली आणि हातात ग्लास दिला. "व्हीची स्पेशल आहे. तूच खरं काय ते सांग." मी घोट घेतला. गार, किंचित कडू... आणि मागून गवती चहा. आमच्या सांगलीच्या घरामागे नळापाशी वाढायचा तो. आई रोज सकाळी दोन पाती तोडून आधणात टाकायची.

"हा तर आईचा चहा आहे," मी मराठीत ताईला म्हणाले.

ताई काही बोलायच्या आत रॉबिन म्हणाली, "युअर मम्स टी, राइट? तिने सांगितलंय मला. मागच्या दारी, नळापाशी." तिला नळसुद्धा माहीत होता.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघी बाटल्या भरायला बसलो. म्हणजे ताई भरत होती, मी तिला बाटल्या देत होते. "हात बुडवलेस का त्या जंतुनाशकाच्या पाण्यात? पुन्हा बुडव. एक बोट लागलं तरी सगळी बॅच आंबट होते."

"ताई, मी तुझ्या लॅबमध्ये नोकरीला लागलेय का?" माझा आवाज चढला. "आणि ती कोण गं तुझी? आईचं सगळं तिला कशाला सांगायचं?"

"कुणाला तरी सांगावंसं वाटतं, चिंगी."

"मग मी कोण?"

ताईने ड्रमच्या तोटीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. "तू चिंगी आहेस," ती म्हणाली. "बाटली धर, सांडतेय." मी बाटली धरली. आणखी काहीतरी ऐकायचं होतं मला. काय, ते आजही नीट सांगता येणार नाही.

त्या डिसेंबरात ती आली, कबूल केल्याप्रमाणे, पण आठवडाभरच. कपड्यांत गुंडाळून बाटल्या आणल्या होत्या. संदीपला बिअर फार आवडली. रोज संध्याकाळी ती मागच्या अंगणात जाऊन रॉबिनला फोन करायची, ड्रमची चौकशी करायची. मी खिडकीतून बघत भाजी चिरायचे. निघताना म्हणाली, "तूही कर की गं एकदा. सोपं आहे." मी म्हणाले, "बघू." त्यानंतर ती दिसली ती थेट... दिसली नाहीच म्हणायचं.

डार्विनला पोचले तेव्हा रॉबिन एअरपोर्टवर उभी होती. डोळे सुजलेले. गाडीत ती फक्त एवढंच म्हणाली, "हॉस्पिटलात मला विचारलं, तू फॅमिली आहेस का? मी नाही म्हटलं. मग त्यांनी मला काही सांगितलं नाही." एरवी कुणालाही त्या वाक्याने वाईट वाटलं असतं. मला मात्र एक क्षण बरं वाटलं. कुठेतरी तरी माझा हक्क पहिला होता.

सगळे विधी झाले. विधींसाठी आलेला संदीप मुलांसाठी परत गेला, मी घर आवरायला मागे राहिले. लाँड्रीतल्या जुन्या फ्रिजमध्ये ड्रम होता. भरलेला. ताईने जाण्याच्या थोडंच आधी लावलेली बॅच. बुडबुडे थांबले होते. "तयार आहे," रॉबिन दारातून म्हणाली. "बाटल्यांत भरायला हवी. करू या?"

"मी करते," मी म्हणाले. "माझ्या बहिणीची आहे."

"नो वरीज," ती म्हणाली आणि गेली. तिने दार इतकं हळू लावलं की मला आणखीच राग आला.

मी बाटल्या धुतल्या. हात बुडवले, पुन्हा बुडवले. बाटल्या ओळीने मांडल्या, साखरेच्या खड्यांची पिशवी उघडली, आणि माझं डोकं रिकामं झालं. एक की दोन? दोनने बाटल्या फुटल्या होत्या की एकने? ताईला विचारावं म्हणून मी फोन हातात घेतला... तिचं नाव उघडलंसुद्धा. मग तिथेच फरशीवर बसले. आतापर्यंत सगळ्यांसमोर रडले होते. पहिल्यांदा एकटीने रडले ते तिथे, त्या एका खड्यासाठी. आणि मग कुंपणापाशी जाऊन हाक मारली, "रॉबिन!"

ती कुंपणाच्या पलीकडेच होती, जणू वाट बघत. आत आली. माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाली, "वन, लव्ह. जस्ट वन." तिने काही हातात घेतलं नाही. मी भरत गेले, ती बाटल्या देत गेली. निम्म्या बाटल्या भरून झाल्या. मग ती म्हणाली, "तिला तुझा फार हेवा वाटायचा, माहितीये?"

"कुणाला? ताईला?"

"दर जानेवारीत तुझ्याकडून परत आली की दोन दिवस माझ्याशी धड बोलायची नाही. म्हणायची, चिंगीच्या घरी सकाळी उठलं की कुणीतरी भांडत असतं, कुणाचा तरी मोजा हरवलेला असतो. इथे माझा मोजा मी ठेवला तिथेच सापडतो." रॉबिन हसली, मग तिने बाहीने डोळे पुसले. "बिअर सुरू व्हायच्या आधीच्या जानेवारीत मी तिला सांगितलं होतं, माझा जुना ड्रम पडलाय, घेऊन टाक. घरात काहीतरी बुडबुडत राहील. ऑक्टोबरात घेतला एकदाचा."

हे ऐकून माझं मन हलकं व्हायला हवं होतं. जन्मभर जिच्यावर मी जळले, ती माझ्या घरातल्या हरवलेल्या मोज्यांवर जळत होती. पण मला पहिलं वाटलं ते हे, की ताईने हे हिला सांगितलं, मला नाही. मला सांगितलं असतं तर मी तिला म्हणाले असते... काय म्हणाले असते? राहा माझ्याकडेच? नोकरी सोड? मला नाही वाटत. बहुतेक मी नुसती खूश झाले असते, आणि ते तिला ओळखता आलं असतं. म्हणूनच नसेल सांगितलं.

बाटल्या रॉबिन सगळ्याच मला देत होती. मी अर्ध्या तिच्याकडे ठेवल्या. औदार्य म्हणून नाही. तिच्या देण्याच्या ओझ्याखाली मला राहायचं नव्हतं. तरी निघताना मीच तिला मिठी मारली, आणि ती लवकर सुटली नाही.

मागच्या आठवड्यात मी माझी पहिली बॅच लावली. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगितलेलं नाही. गवती चहा इंडियन शॉपमधून आणला, वाळलेला, ताज्याची सर नाही त्याला. माल्टचा पाक, गार पाणी, यीस्ट, झाकण. दोन दिवस झाले तरी एक बुडबुडा येईना. रॉबिनला फोन केला. ती म्हणाली, "मेलबर्नचा विंटर आहे, लव्ह. यीस्टला थंडी वाजतेय. गुंडाळून ठेव काहीतरी."

मी पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट उघडलं. तिथे हँगरला ताईचा जाड लोकरी स्वेटर आहे, मोरपिशी रंगाचा. मेलबर्नच्या उन्हाळ्यातही तिला संध्याकाळी थंडी वाजायची आणि डार्विनला त्याचा काय उपयोग, म्हणून तो कायम इथेच असायचा. ती आली की आधी तो चढवायची, मग चहा मागायची. कोपरांवर विटलेला आहे, एका खिशात तिचा रुमाल तसाच आहे. मी तो ड्रमभोवती गुंडाळला, बाह्या पुढे घेऊन गाठ मारली. जरा वेळ तशीच धरून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलांचं भांडण चालू असताना, लाँड्रीतून आवाज आला... बुड्. मग बऱ्याच वेळाने आणखी एक.

रॉबिनला कळवलं. ती केवढी तरी खूश झाली. "कशात गुंडाळलास?" तिने विचारलं.

"आहे एक जुना स्वेटर," मी म्हणाले. कुणाचा, ते सांगितलं नाही.