बुवा बावखलात

सुनंदा घाडीगावकर पाण्याला घाबरते, हे आमच्या वाडीवर सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांच्या खोल्या, चादरी, उशा, टॉवेल हे सगळं खातं तिचं. तिच्या नजरेतून उशीवरचा एक केस सुटायचा नाही. पण कोणी पाहुणा बावखलात पोहायला उतरला आणि त्याला टॉवेल नेऊन द्यायची वेळ आली, की बाईसाहेबांचे पाय जड व्हायचे. ती काठापासून चार माड अलीकडे उभी राहायची आणि तिथूनच टॉवेल भिरकावायची. निम्मे टॉवेल पाण्यात जायचे आणि पुन्हा धुवायला तिच्याकडेच यायचे.

बावखल म्हणजे आमच्या वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. वाडवडिलांनी केळीला आणि पानवेलींना पाणी मिळावं म्हणून खणलेलं. आजूबाजूची बरीच बावखलं भराव टाकून बुजवली गेली, आमचं मात्र अजून शाबूत आहे. चांगलं ऐसपैस आहे आणि मधोमध दोन पुरुष खोल. वाडी फर्डिनंडची. होळी बाजारापासून थोडी आत. त्याने बापाचा बंगला दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडला, तेव्हापासून मी, ब्रेंडा, तिथलं बुकिंग सांभाळते. दिवसभर फोनवर गोड बोलून माझी जीभ थकते, म्हणून इथे लिहिताना मी ती सैल सोडणार आहे.

आमच्या वाडीवर नुसतं काम करणारा माणूस टिकत नाही, प्रत्येकाला काहीतरी खाज असावी लागते. माळी बळीराम साप पकडतो. कोणाच्या न्हाणीघरात नाग निघाला की हातातलं खुरपं टाकून धावतो, पैसे घेत नाही, फार तर चहा घेतो. पंप आणि वायरिंग बघणारा जॅक्सन ट्रंपेट वाजवतो. लग्नात वाजवण्याचे पैसे घेतो, पण गरिबाच्या मयताला फुकट जातो. आणि स्वयंपाकघराची मालकीण थेरेसा आंटी दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की बायकांना बावखलात पोहायला शिकवते. साठी उलटलेली बाई, जुना गाऊन घालून पाण्यात उतरते. गावातल्या येतात, नालासोपाऱ्याहून रिक्षा करून येतात, मीही तिथेच शिकले. थेरेसाची मोठी बहीण मार्गारेट लहानपणी कपडे धुताना याच बावखलात बुडाली होती. पोरग्यांनी पोहायचं आणि पोरींनी काठावर कपडे आपटायचे, असा तेव्हाचा कायदा. थेरेसाला त्या कायद्याचा अजून राग येतो, आणि तिचा क्लास त्या रागावरच चालतो.

सुनंदाचा छंद भजनाचा. माहेर कणकवलीकडचं, वडील भजनातले नावाजलेले बुवा. ती राहते त्या एव्हरशाईन सिटीतल्या बायकांचं भजनी मंडळ तिने उभं केलं आणि तिथे तिलाच सगळे बुवा म्हणतात. हॉस्पिटलात, वृद्धाश्रमात हे मंडळ हौसेने गातं. पेटीवर बसली की ही बाई वेगळीच. मृदंगवाल्याने मात्रा चुकवली तर गाणं थांबवून त्याची चारचौघांत हजेरी घेते.

दिवाळीच्या सुट्टीत एक पाहुणा पाय घसरून बावखलात पडला. जॅक्सनने कपड्यांसकट उडी मारून त्याला बाहेर काढलं, तासाभराने तो पाहुणा मासे हाणत जेवायला बसला. पण फर्डिनंडची झोप उडाली. काठाला चारी बाजूंनी लोखंडी जाळी ठोकायची, दाराला कुलूप घालायचं आणि क्लास बंद, असं त्याने जाहीर केलं.

थेरेसा आंटीने त्याला लहानपणी कडेवर घेतलेलं. ती त्याला घाबरणार थोडीच!

“फर्डी, जाळीनं मानूस वाचत नाय. काठावर पोहनारा असला तर वाचतो. वाडीवरच्या सगल्यांना मी शिकवते. मग बोल.”

“सगळ्यांना?” फर्डिनंड हसला. “सुनंदाला पण? आंटी, ज्या दिवशी सुनंदा या काठावरून त्या काठाला जाईल, त्या दिवशी मी जाळी भंगारात देईन.”

तो हे चेष्टेने बोलला. पण खोलीच्या दारात सुनंदा चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होती. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “ब्रेंडा, त्या सगळ्या बायकांचा क्लास माझ्यापायी बंद पडला तर मी इथे कोणत्या तोंडाने फिरू? मला पाण्यात घाला.”

घातली. सालासकट सुके नारळ जोडीने बांधायचे, ती जोडी काखेखालून पाठीवर घ्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. नारळ बुडत नाही, बांधलेला माणूसही बुडत नाही. नारळ पाठीवर असताना सुनंदा ठीक जायची. हातपाय छान चालायचे. नारळ काढले की मधोमध पोचेपर्यंत सगळं बरं, आणि मग पायाखालच्या खोल पाण्याचा विचार डोक्यात शिरला की बाई श्वासच घ्यायची नाही. गाल फुगवून, डोळे वटारून पाण्यात उभी व्हायची आणि थेरेसाच्या गळ्यात पडायची. एकदा तर थेरेसाचे केस धरले. “माजे होते-नव्हते तेवडे उपटलेस बाय,” थेरेसा काठावर येऊन म्हणाली. आम्ही हसलो, पण सुनंदा रडत होती. तिकडे जाळीची भेंडोळी येऊन वाटेवर पडली होती.

हनुमान जयंतीला सुनंदाने आम्हा सगळ्यांना तिच्या सोसायटीत भजनाला बोलावलं. थेरेसा पहिल्या रांगेत बसली. सगळे टाळ्या वाजवत होते, ही मात्र सुनंदाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. सुनंदा ओळ म्हणायची, शेवटपर्यंत दम सोडायची, आणि कोरसने ती ओळ उचलली की मान किंचित वळवून हळूच श्वास भरून घ्यायची. पुन्हा ओळ, पुन्हा श्वास.

“अगो ब्रेंडा,” थेरेसाने मला कोपराने ढोसलं, “ही तर पोहते! पेटीवर बसून पोहते!”

दुसऱ्या दिवसापासून बावखलाच्या काठावर भजन सुरू झालं. सुनंदाने तोंड पाण्यात घालून ओळ गुणगुणायची, काठावरून आम्ही कोरस उचलला की मान वळवून श्वास घ्यायचा. कोरसमध्ये मी, बळीरामच्या हातात झांज, आणि पट्टी सुटू नये म्हणून जॅक्सनचा ट्रंपेट. भजनातला गजर पाठ करताना आमची बोबडी वळली. जॅक्सनच्या तोंडून तर तो चर्चमधल्या गाण्यासारखाच निघायचा. सुनंदाने तो पाण्यातून बाहेर येऊन येऊन सुधारून घेतला. पण थेरेसा बाजूला असेपर्यंतच हे जमायचं. ती मागे राहिली की पुन्हा मध्यावर गाल फुगायचे.

मग फर्डिनंडने परीक्षेसाठी ठरवून दिलेला तो रविवार आला. मिस्सा सुटल्यावर निम्मं गाव आमच्या वाडीत. नालासोपाऱ्याच्या बायका ओळीने काठावर, तोंडं उतरलेली. फर्डिनंड हाताची घडी घालून समोरच्या काठावर. आपण चेष्टेत शब्द देऊन बसलो याचं त्याला तोवर वाईट वाटू लागलं होतं, असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. तरी त्याने शब्द मागे घेतला नाही आणि जाळीही हलवली नाही. थेरेसाला पाण्यात उतरायची मनाई. सुनंदा एकटी.

तिने जुना पंजाबी ड्रेस घातला होता. पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि उतरली. ओळ, कोरस, श्वास. ओळ, कोरस, श्वास. बळीरामची झांज छान ठेक्यात. मी गाता गाता देवाला विनवत होते. सुनंदा पाव भाग गेली, मग तिसरा हिस्सा. आणि इथे आमच्या जॅक्सनने घात केला. लग्नात वाजवणारा गडी तो, गर्दी पाहिली की त्याच्या अंगात येतं. गजर रंगायला लागला तशी त्याने लय चढवली. बळीराम त्याच्यामागे, मी बळीरामच्या मागे, आणि काठावरच्या बायका टाळ्या पिटत आमच्या सगळ्यांच्या पुढे. सुनंदाला श्वास पुरेना. नेमकं मधोमध तिच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि ती थांबली. पाण्यात उभी झाली.

थेरेसा ओरडली. जॅक्सन ट्रंपेट टाकून शर्ट काढायला लागला.

सुनंदाने खोकून पाणी बाहेर टाकलं, उजवा हात वर केला आणि जॅक्सनकडे बोट रोखलं. “मेल्या, लय खंय पळयतस?” ती मालवणीत कडाडली. “ह्या काय लगीन हा? बळीराम, झांज बंद! ब्रेंडा, तू कित्याक धावतंस? परत घेवा. सुरवातीपासून. सावकाश!”

दोन पुरुष खोल पाण्यात बाई उभी होती. पाय आपोआप चालत होते, डोकं वर, एक हात हवेत, आणि ती आमची हजेरी घेत होती. हे आम्हाला आधी कळलं, तिला जरा उशिरा. तिने खाली पाण्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही, पण ती हसली.

“घेवा,” ती म्हणाली.

आम्ही घेतलं. जॅक्सन शाळेतल्या पोरासारखा एकेक सूर मोजून वाजवत होता. सुनंदा तिच्या लयीत गेली, अजिबात घाई नाही, आणि पलीकडच्या काठाची पायरी तिने धरली तेव्हा जो गलका झाला तो बाजारापर्यंत ऐकू गेला असणार. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी रडले, उगाच लपवत नाही. थेरेसा आंटी तर पायरीवर बसून हमसाहमशी रडत होती आणि मध्येच हसत होती. फर्डिनंडने वाकून सुनंदाला हात दिला.

“जाळी आजच भंगारात,” तो म्हणाला. “या, वर या. चहा घ्या.”

सुनंदाने त्याचा हात धरला नाही. ती पायरीला टेकून दम घेत होती आणि आमच्या काठाकडे बघत होती.

“माझा टॉवेल आणि कोरडे कपडे तिकडे राहिले, सर.”

“अहो, बळीराम आणून देईल. नाहीतर बांधावरून चालत जा, दोन मिनिटांचा रस्ता.”

“चालत कशाला?” सुनंदा म्हणाली आणि पायरीला पाय लावून तिने पाण्यात अंग झोकलं. आम्ही घाईघाईने झांज उचलली, ट्रंपेट उचलला, पण गजर सुरू करायच्या आत ती मध्याच्या पुढे आली होती.