पाणी कवा, हे आधी मला विचारायचे

गावात पाणी सोडायचं काम माझ्याकडे आलं त्याला आता बावीस वर्षं झाली. मोताळा तालुक्यातलं आमचं गाव, सहा गल्ल्या, टाकी एकच. रोज एका गल्लीला नळ, म्हणजे प्रत्येकीची पाळी सहा दिवसांनी. पाइपलाइनवरचा वॉल फिरवायची लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघालो की दहा पावलांवर कोणीतरी विचारायचं, "भाऊ, आमचं पाणी कवा?" मी लगेच सांगत नसे. आधी टाकीकडे बघायचो, थोडा वेळ काढायचो, मग म्हणायचो, "पाहू." पाळी मला पाठ असायची. पण लोकांनी विचारलेलं आवडायचं, ते लपवून काय करू.

मग ग्रामपंचायतीनं तो एजंट आणला. माणूस नव्हे, संगणकातला. फोनवर गल्लीचं नाव टाकलं की पाणी कधी येणार ते लिहून सांगणारा. पंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारी एक तरुण मुलगी आहे, तिनं मला माझ्याच मोबाईलवर एक पान उघडून दिलं. त्यात सहा गल्ल्या, प्रत्येकीपुढे नळ सुरू की बंद, पुढची पाळी, आणि खाली टीप लिहायला चौकट.

"काका, हे पान तुमचं अन् त्याचं एकच हाय," ती म्हणाली. "तुमी इथं काहीही लिहून जतन केलं की त्याले लगेच समजते, अन् तो ते लोकाईले सांगते. त्याले कोणी पाइप फुटल्याचं सांगितलं तर तो इथंच लिहिते, तुमाले दिसते."

"अन् म्या नाही बदललं तर?"

"तर तो जुनंच सांगत राहीन."

हे मी नीट ध्यानात ठेवलं.

महिनाभरात रस्त्यात मला थांबवणं बंद झालं. लोक राम राम करायचे आणि पुढे जायचे. एकदा घरी आलो तर बायको फोनमध्ये आपल्या गल्लीची पाळी विचारत बसलेली. मी समोर उभा.

"मले विचारता नाही आलं काय?"

"तुमाले विचारलं की तुमी पहिले चहा मांगता," ती म्हणाली. "ते काही मांगत नाही."

मला त्या एजंटचा हेवा वाटायला लागला, आणि हेवाही साधासुधा नव्हता. चिखलात उतरून वॉल मी फिरवायचो, हाताला घट्टे माझ्या, आणि "किती बराबर सांगते हो" हे कौतुक त्याला. त्यात सांगण्यासारखं काय होतं? पानावर मी लिहायचो तेच तो बोलायचा. माझंच उष्टं खाऊन त्याचं नाव होत होतं.

अशातच वरच्या गल्लीतल्या एका घरी हळद निघाली. नवरीचा बाप मला स्टँडवर भेटला. "भाऊ, चिखलीहून पाहुणे येऊन राह्यले, पाण्याचं पाहा." आमच्याकडे लग्नघराला पाळी सोडून पाणी देतात. त्याला अर्ज लागत नाही, कोणी नाही म्हणत नाही. मात्र ज्या गल्लीचं पाणी वळवायचं तिला आदल्या दिवशी सांगावं लागतं. एरवी मी स्वतः जाऊन सांगायचो. हळदीच्या दिवशी पाळी खालच्या गल्लीची होती. मी गेलो नाही, आणि पानही बदललं नाही. होऊ दे एकदा त्याची फजिती, म्हटलं. उद्या सगळे माझ्याकडे येतील.

सकाळी सातला नळ, असं त्यानं खालच्या गल्लीला सांगितलं. आणि नळाच्या दिवशी आमच्याकडे बायका काय करतात हे मी विसरलो होतो, किंवा विसरलो असं दाखवत होतो. शिळं पाणी झाडांना ओततात आणि ड्रम, पाण्याचे पितळी गुंड, सगळं घासून पालथं घालतात. सातच्या आत अख्ख्या गल्लीनं घरातलं पाणी ओतून टाकलं. वरच्या गल्लीत मांडवाबाहेर लग्नघराची टाकी भरून वाहत होती, आणि खाली चहापुरतंही पाणी नव्हतं.

मी पंचायतीच्या ओट्यावर लोकांची वाट बघत बसलो. कोणी आलं नाही. सगळ्यांनी तक्रार एजंटकडेच केली होती. त्यानं प्रत्येक घराला लिहिलं, "माझ्याकडची पाळीची माहिती चुकीची होती. तुम्हाला त्रास झाला, माफ करा." चहाच्या टपरीवर एक जण ते मोठ्यानं वाचत होता. "पहा बे," तो म्हणाला, "ते माफी तरी मांगते. आपल्या वॉलमननं मांगितली काय कधी?"

मी तिथेच उभा होतो. अंगाची नुसती लाही झाली. चूक माझी, आणि माफी मागून मोठेपणा त्यानं पदरात पाडून घेतला. निदान माफी तरी त्यानं माझी मला राहू द्यायची होती. रागारागानं मोबाईल काढला, पान उघडलं आणि टिपेच्या चौकटीत लिहिलं: लग्नघरी पाणी मी वळवलं. मुद्दाम कळवलं नाही. चूक माझी. जतन केलं. पालथ्या ड्रमांचा विचार करून लिहिलं असं म्हणायला आवडेल, पण तसं नव्हतं. माफी त्याच्या हातून काढून घ्यायची होती.

मग मी टाकीवर गेलो आणि खालच्या गल्लीचा वॉल उघडला. तासाभरात त्या गल्लीतली एक म्हातारी काठी टेकत तिथवर आली. घरात एकटी राहते, तिला वाचता येत नाही.

"शेजारच्या पोरीनं फोनातलं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "खरं हाय काय?"

"हाव."

"या गावात नांदायले आली तवापासून म्या कोणाच्या दारात पाणी मांगाले गेली नव्हती. आज शेजारणीकडून गुंडभर आणलं. तुले काय मिळालं बे यातून?"

खरं उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"फोनात लेहेलं ना माय," मी म्हणालो, "चूक माही हाय म्हणून."

"ते म्या आयकलं. फोन तर सकाळपासून माफीच मांगून राह्यला," ती म्हणाली. "तू तोंडानं म्हण."

मी तोंड उघडलं. शब्द बाहेर पडायला इतका वेळ लागला की ती काठीवर भार देऊन तशीच थांबून राहिली.