आठव्या खेळाडूची जागा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात आमच्या मुख्याध्यापक सरांनी गावातल्या सुताराकडून खो-खोचे दोन खांब करून आणले. बाभळीचे, रंधा मारून गुळगुळीत केलेले. मुलांनी त्यांवर हात फिरवून पाहिले, दोघा-तिघांनी तर गाल लावून पाहिले. आसपासच्या शाळा मिळून होणाऱ्या केंद्राच्या क्रीडा स्पर्धा जवळ आल्या होत्या आणि आमच्या मैदानावर अजून एक रेघ नव्हती.

"गावातल्या दोन पोरांना सांगतो, संध्याकाळी आखून देतील," सर म्हणाले.

"सर, माझ्या वर्गाला आखू द्या ना."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग गणिताचा तास कधी घेणार?"

"तोच तर घेणार आहे."

सर हसले नाहीत, पण कपाटातून मीटर टेप काढून माझ्या हातात ठेवली आणि रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी कोपऱ्यात आहे म्हणून सांगितलं.

आमची शाळा अमडापूरहून आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका छोट्या गावात. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी चिखलीहून स्कूटीने जाते. त्या दिवसांत माझ्या वर्गात अपूर्णांक चालू होते आणि ते कुणाच्याच पचनी पडत नव्हते. फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश लिहून मोठा कोणता विचारलं, की सगळा वर्ग एका सुरात "एक चतुर्थांश!" म्हणायचा. चार तीनपेक्षा मोठे, विषय संपला. चौथीतली सर्वांत उंच मुलगी तर अपूर्णांक दिसला की दप्तरात डोकं घालून काहीतरी शोधायला लागायची. तीच मुलगी सुट्टी झाली की सगळ्या शाळेला पळवून दमवायची. तिचा आवाज तेव्हा थेट रस्त्यापर्यंत जायचा.

मैदानाचं पहिलं संकट कागदावरच आलं. नियमांच्या कागदावर लांबी सत्तावीस मीटर, रुंदी सोळा. आमच्या पटांगणात एका बाजूला पोषण आहाराची खोली, दुसऱ्या बाजूला कडुनिंब. पूर्ण मैदान बसणं शक्य नव्हतं. मुलांनीच ठरवलं, सगळं निम्मं करू. सोळाचे आठ झटक्यात झाले. सत्तावीसपाशी वर्गाचा मॉनिटर अडून बसला. मोठा वादपटू मुलगा.

"मॅडम, सत्तावीसचे निम्मे होतच नाही. एक उरते."

"उरला त्याचं काय करायचं?"

"सोडून देऊ."

तेवढ्यात दप्तरातून डोकं वर आलं. उंच मुलगी म्हणाली, "सोडून काऊन द्याचा बे? भाकर मोडता येते, तं मीटर काऊन नाही मोडता येत?"

मी फळ्यावर साडेतेरा लिहिलं आणि आम्ही सगळे बाहेर पडलो.

थंडीची सकाळ होती. शेजारच्या शेतातली तूर पिवळ्या फुलांनी भरली होती. मुलांनी टेप धरली, ठिकठिकाणी खुंट्या ठोकल्या, सुती दोरी ताणून आयत केला, मधल्या रेषेच्या दोन्ही टोकांना खांब पुरले. दोरीच्या कडेने फक्की टाकताना अर्ध्या वर्गाचे केस पांढरे झाले. मग आठ खेळाडूंच्या बसायच्या जागा आखायच्या होत्या. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, सारख्या अंतरावर.

"सोपं आहे," मॉनिटर म्हणाला. "आठ जणं, आठ भाग."

त्याने खांबाखांबात बसेल एवढी दोरी घेतली, निम्मी दुमडली, पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी. प्रत्येक घडीवर खडूने खूण केली. दोरी परत ताणली आणि खुणेखुणेवर एकेक मुलगी बसवत गेला. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, खो-खोत बसतात तसं. सगळ्यांत शेवटी उंच मुलगी पुढे आली, तर समोर थेट खांब.

"मॅडम, मले जागाच नाही राह्यली!"

"काऊन नाही? आठ भाग केले नं!" मॉनिटर ओरडला.

"मंग मी काय खांबावर बसू?"

सगळी मुलं हसून लोळली. बसलेल्या मुली उठल्या, पुन्हा बसल्या, एकमेकींना मोजू लागल्या. सातच. दोरी पुन्हा दुमडली, पुन्हा ताणली. तरीही सातच. मॉनिटरचा चेहरा असा झाला, जणू दोरीनेच त्याला फसवलं आहे. मी कडुनिंबाच्या पारावर बसून होते. उत्तर जिभेवर आलेलं असताना तोंड मिटून बसणं ही शिक्षकाची सगळ्यांत अवघड कसरत असावी. मला तर ती कधीच धड जमलेली नाही. त्या दिवशी मात्र मुलांनी मला बोलायला फटच ठेवली नाही.

उंच मुलगी दोरीच्या कडेने चालू लागली. एका खांबाला हात लावून निघाली, प्रत्येक रिकाम्या जागेवरून टांग टाकत गेली, दुसऱ्या खांबाला हात लावून परत आली. मग हळू आवाजात म्हणाली, "पोरी सात अन् मधल्या जागा आठ. दोन्ही शेंड्यावर खांब आहेत नं, म्हून एक जागा जास्तीची लागते." बोटांवर मोजून तिने स्वतःच पुढचं सांगितलं, "मंग आठ पोरीइले नऊ भाग पाहिजेत."

मला उठून तिला कडेवर घ्यावंसं वाटलं, पण ती जवळजवळ माझ्या खांद्याला लागत होती.

आता नऊ भाग कसे करायचे? निम्मं करून नऊ येत नाहीत हे मॉनिटरने दोरी दुमडून दुमडून सिद्ध केलं. शेवटी तिसरीतल्या एका चिमुरडीने तोडगा काढला. तिच्या घरी चादर तीन पदरी घडी करून ठेवतात. तिने दोरी तशी तीन पदरी केली, पदर सारखे होईपर्यंत टोकं मागेपुढे ओढली. मग त्या तीन पदरांचे पुन्हा तीन. तीन त्रिक नऊ! दोरी ताणली, खुणांवर मुली बसल्या आणि आठव्या खुणेवर उंच मुलगी ऐटीत मांडी घालून बसली. खो-खोत उकिडवं बसतात, हे तिला ठाऊक होतं. पण त्या दिवशी तिला जागेवर हक्क सांगायचा होता.

उठायच्या आधी मी एकच गोष्ट विचारली. दोरीचे तीन भाग केले तेव्हा एक भाग केवढा होता आणि चार भाग केले तेव्हा केवढा? मुलांनी तेवढीच आणखी एक दोरी घेऊन दोन्ही घड्या शेजारी धरल्या. तीनातला भाग चांगलाच लांब निघाला. मॉनिटरने दोन्ही घड्या पुन्हा एकमेकींना लावून पाहिल्या. मग म्हणाला, "म्हणजे वाटेकरी वाढले की वाटा लहान होते." मी मान डोलावली. आठवडाभर फळ्यावर डोकं आपटून जे झालं नव्हतं, ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सर शाळेच्या ओट्यावर उभे राहून मैदान न्याहाळत होते. मान एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे.

"मॅडम, हे वाकडं दिसते."

मुलांना ते मुळीच पटलं नाही. त्यांनी सरांदेखत चारही बाजू मोजून दाखवल्या. लांब बाजू दोन्ही सारख्या, आखूड बाजू दोन्ही सारख्या. "सर, आपण मोजलं न बराबर!" सरांनी हात वर केले आणि आत गेले. मैदान तसंच राहिलं आणि खेळ सुरू झाला.

कोडं सुटलं ते खेळाआधीच्या शर्यतीत. पाय मोकळे करायला मुलं जोडीजोडीने कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपी धावत होती. एक या कोपऱ्यातून, एक त्या कोपऱ्यातून, मध्ये एकमेकांना चुकवून. उंच मुलगी मॉनिटरकडून हरली. असं कधी होत नसे. तिने जागा बदलून मागितली आणि मॉनिटरला हरवलं. पुन्हा जागा बदलली, पुन्हा हरली. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मॅडम, हे बरोबर नाही. जो तिकडून पयते तोच जिकते. माणूस कोणताबी असो."

मग दोन सावकाश पळणाऱ्या मुलांना पळवलं, मग दोन मुलींना. तिचं म्हणणं खरं निघालं. दोरी आली. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, तीच दुसऱ्या दोन कोपऱ्यांत धरली. चांगली दोन हात कमी पडली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

त्यांनी जे केलं ते मी कोणत्याच प्रशिक्षणात पाहिलेलं नाही. खुंट्या उपटल्या. चार कोपऱ्यांवर चार मुलं दोरीची चौकट हातात ताणून उभी राहिली. मधून कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन तिरप्या दोऱ्या धरल्या. एक बाजू हळूहळू सरकायला लागली. चौकट हलली, तसा लांब तिरपा पल्ला कमी होऊ लागला, आखूड वाढू लागला. चारही बाजू मात्र होत्या तेवढ्याच. "सरक! सरक अजून! थांब बे, जास्त झालं! माघारी ये!" सगळा वर्ग एकाच वेळी हुकूम सोडत होता. दोन्ही तिरप्या दोऱ्या सारख्या झाल्या त्या क्षणी एवढा जल्लोष झाला की पोषण आहार शिजवणाऱ्या ताई हातात झारा घेऊनच बाहेर आल्या. सर पुन्हा ओट्यावर आले. या वेळी मान कुठेच कलली नाही.

"हो, आता सरळ आहे," ते म्हणाले आणि स्वतः खाली उतरून फक्की टाकू लागले.

त्या शनिवारी शाळा सुटताना उंच मुलीची आई आली. तिचं घरचं वांग्या-मेथीचं शेत आहे. अमडापूरच्या बाजारात माल विकून परतताना ती मुलीला न्यायला थांबली होती. रिकामी टोपली फाटकाशी ठेवून ती खेळ बघत राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "मॅडम, माह्यं माहेर देऊळघाटचं. लग्नाच्या आंधी मी लय खेयाची. शाळेच्या टीममधी होते."

"मग या ना आत."

"आता कुठी? लोक हसतीन."

"हसू द्या," मी म्हटलं. तेवढ्यात मुलीने धावत येऊन तिचा हात धरला. "चाल वं आई, तुले जागा करून देतो."

आईने पदर खोचला, चपला टोपलीशेजारी काढल्या. पहिल्या फेरीत जरा अवघडली. दुसऱ्या फेरीत तिसरीतल्या चिमुरडीने आईच्या पाठीला हात लावून "खो!" म्हटलं मात्र, ती अशी उठली की मॉनिटर पळायचं विसरून बघत उभा राहिला आणि तिथेच बाद झाला. खांबापाशी तिने एक हात खांबाला धरून अख्खं अंग बाहेर झोकलं, वळली, आणि पुढच्याला गाठलं. तिच्याच मुलीला! दोघी मातीत पडल्या आणि हसत सुटल्या. कुणालाच लवकर उठता येईना.

फाटकाशी आणखी बाया जमल्या होत्या. दोघी आत आल्या, मग तिघी. एकीने मलाही ओढलं. मी आयुष्यात खो-खो खेळले नव्हते. पाठलाग करताना पहिल्याच धावेत मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग, ओलांडली म्हणून तिसरीच्या मुलांनी मला नियम समजावून सांगितला, अगदी मी त्यांना समजावते त्याच सुरात, एकेक शब्द सुटा करून. सर शिट्टी वाजवत होते आणि बायांना "बाद" म्हणताना संकोचून पुढे "ताई" जोडत होते. "बाद, ताई!"

सोमवारी मी पोचले तेव्हा मैदानावर रेघ म्हणून उरली नव्हती. शनिवारच्या धावपळीने अर्धी पुसली होती, रविवारी शेळ्यांनी उरलेली. मला वाटलं, मुलं हिरमुसतील. पण ती प्रार्थनेआधीच मैदानात होती. दोरी ताणलेली, खुंट्या ठोकलेल्या, आणि उंच मुलगी पहिली-दुसरीच्या पोरांना दरडावत होती, "आंधी कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजा! बाजू मागून!" कोपरा कोणी धरायचा यावरून भांडण पेटलं होतं. मॉनिटर दोन्ही पक्षांचा वकील होता.

सर घंटेपाशी हातोडी घेऊन उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मैदान पाहिलं, आणि हातोडी पुन्हा खिडकीत ठेवून दिली.