लंगराची कडी

"देव आला तर त्यानं देवळात यावं. चुलीपाशी काय काम त्याचं?" गुंडप्पा ओसरीवर बायकोवर ओरडत होता.

"तोंड आवरा! लेकराच्या अंगात खंडोबा हाय," सिताबाई म्हणाली.

"राग हाय त्यो, खंडोबा न्हाय. अन् लंगर काय त्याच्या जोरानं तुटतो व्हय? आदल्या दिशी म्या कानशीनं कडी घासून ठेवतो, म्हणून तुटतो. येत्या साली न्हाय घासत, जा!"

"मग बांधतील की लोक त्याला, येड्यावानी!"

गुंडप्पानं हातातली कानस परत आढ्यात खोचली.

आत जात्यावर बसलेल्या नव्या सुनेचा, कस्तुराबाईचा हात थांबला. लग्नाची हळद अजून उतरली नव्हती, अन् नवऱ्यानं, सिदूनं मारल्याच्या वळांवर सासूनं भंडारा चोळलेला. एका अंगावर किती पिवळं मावावं!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. अणदूरच्या जत्रेत लंगर तोडायचा मान या घराचा. देवापुढं मेखेला लोखंडी साखळी अडकवायची, अन् अंगात वारं भरलं की एका हिसक्यात तोडायची. सिदूनं ती तोडली की सारं गाव त्याच्या पायावर. मग वर्षभर तो कुणाचं डोकं फोडो, बैलाचं शिंग मोडो, लोक म्हणत, देवाचा हात लागला, भाग्य समजा. सगळ्यात भाग्यवान अर्थात कस्तुराबाई.

सासरा तापानं गेला. जाताना त्यानं सुनेच्या हातात कानस दिली, कडी कशी घासायची ते सांगितलं. "सूनबाई, तुटती तोवर त्यो देव. न तुटली की येडा. आता तूच बघ."

दोन जत्रांना तिनं बघितलं, कडी घासली. मग एका दुपारी दूध उतू गेलं, एवढ्यावरून सिदूनं तीन वर्षांच्या लेकीचा हात पिरगाळला. कोपरात वाकडा झाला तो वाकडाच राहिला. सासू भंडारा घेऊन धावली. कस्तुराबाईनं तो तिच्या हातातून घेतला अन् चुलीत टाकला. त्या साली आढ्यातली कानस खाली आलीच नाही.

जत्रेत सिदूनं हिसका दिला. परत दिला. तळहात फाटले, पण साखळी तुटेना. येळकोट करणारी तोंडं एकेक करून मिटली. "देव गेला ह्याचा," कुणीतरी म्हणालं. तसा तो गर्दीवर धावला. मागल्या साली धावला असता तर लोकांनी माथा पुढं केला असता. आज दगड आले. दिवेलागणीला त्याच लंगरानं त्याला गोठ्यातल्या खांबाला बांधलं. राग तोच, साखळी तीच. नाव तेवढं बदललं.

पुढं निजाम गेला. देवी टोचायला आलेल्या नव्या सरकारच्या डॉक्टरनं तिसरं नाव ठेवलं. "बाई, हा देव नाही, भूत नाही. हा मेंदूचा आजार आहे."

"मग औषध द्या की."

"इथं नाही मिळत."

"मग साखळी सोडू?"

डॉक्टर सिदूकडं बघून दोन पावलं मागं सरकला. "सध्या राहू द्या."

कस्तुराबाई रोज तिन्हीसांजेला गोठ्यात जाई. काठीनं भाकरीची ताटली पुढं सरकवी. पोट भरून तो निवला की साखळीनं सोललेल्या घोट्याला करडईचं तेल लावी. "येते," म्हणून निघे. सासूही आता नव्हती. दुसरं कुणी त्या दारात पाऊल टाकत नव्हतं.

मग गावात पटकी आली. लेकीला तिनं आधीच तेरला मामाकडं धाडलं. पण एका सकाळी तिलाच उलट्या-ढाळ लागले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. उद्याचा दिवस आपला नाही, हे तिला कळलं. कुडाआडून तिनं शेजारणीला हाक दिली. "नसीमबी, माझ्यामागं त्याला भाकरी घालशील?"

नसीमबी रडत म्हणाली, "भाकरी देईन गं माय, पण त्याच्यापुढं जायाला काळीज कुठून आणू?"

तिन्हीसांजेला कस्तुराबाई भिंत धरत गोठ्यात गेली. ताटली सरकवली. तो जेवला. घोट्याला तेल लावलं. मग कनवटीची कानस काढून तिनं सासऱ्यानं सांगितल्याप्रमाणं कडी घासली, एका हिसक्यापुरती ठेवली. सिदू तो आवाज ऐकत बसला होता.

तिनं रिकामी ताटली उचलली, पदर डोईवर घेतला.

"येते," म्हणाली, अन् निघाली.